घर घेताना जवळचे उद्यान किती महत्त्वाचे मानावे?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. पुण्यात स्वतःचे घर घेण्याचा आमचा शोध आता दोन पर्यायांवर येऊन थांबला आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आणि वयस्कर माणसे दोन्ही आहेत, त्यांचे मत मला विशेष करून हवे आहे.

पहिला पर्याय सहकारनगर भागातील एका जुन्या इमारतीतला, पहिल्या मजल्यावरचा. घर लहान आहे, वाहनतळाची अडचण आहे आणि इमारतीला अंगण म्हणावे असे काही नाही. परंतु गल्लीतून पाच-सात मिनिटे चालत गेले की महापालिकेचे उद्यान लागते. दुसरा पर्याय वाघोलीच्या बाजूला एका मोठ्या गृहसंकुलातला. एक खोली जास्त, लिफ्ट, क्लबहाऊस, तरणतलाव आणि वाहनतळाच्या छतावर मुलांसाठी खेळण्याची जागा, असे सगळे तिथे आहे, मात्र संकुलाच्या फाटकाबाहेर चालत जाण्याजोगी सार्वजनिक बाग जवळपास नाही. किमतीत म्हणावा तसा फरक नाही.

घरात आम्ही दोघे नोकरी करणारे, चौथीतला मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या सासूबाई असे पाच जण आहोत. यजमानांचे म्हणणे असे की बागेसाठी एक खोली सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे, रविवारी गाडी काढून सारसबागेत जाता येईलच. मला मात्र रोजच्या वाटेवरची बाग आणि रविवारची बाग यांत मोठा फरक वाटतो, पण तो नेमका कशात आहे हे मला पटवून सांगता येत नाही. अशा बागेमुळे कुटुंबाच्या दिनक्रमात खरोखर काही बदलते का, की पहिले दोन महिने उत्साहाने जाणे होते आणि मग ती नुसती खिडकीतून दिसत राहते? घर पक्के करण्यापूर्वी त्या उद्यानात काय काय पाहून घ्यावे, हेही कृपया सांगावे.

अबोली

तुमच्या यजमानांना सारसबाग आणि गल्लीतली बाग एकाच मापाने मोजता येणार नाहीत, असे माझ्या वतीने जरूर सांगा. सारसबाग, पेशवे पार्कातली १९५६ पासून लहान मुलांना फिरवणारी फुलराणी, सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, दिवाळीत किल्ल्यांचे प्रदर्शन भरते ते संभाजी उद्यान, ही सगळी ठरवून जाण्याची ठिकाणे आहेत. तिथे जायचे म्हटले की मुलांना चांगले कपडे घालायचे, गाडी लावायला जागा शोधायची, फुगा आणि भेळ घ्यायची आणि थकून परत यायचे. वर्षातून काही वेळा ते हवेच. पण घराजवळची बाग म्हणजे जिथे घरच्या चपला घालून, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात जाऊन येता येते ती. तिचा उपयोग ती सुंदर आहे म्हणून होत नाही, तिथे जायला काही ठरवावे लागत नाही म्हणून होतो.

माझी दोन्ही मुले कोथरूडमधल्या अशाच एका साध्या बागेत वाढली. त्या बागेत डोळ्यांत भरावे असे काहीही नव्हते. दोन घसरगुंड्या, चार झोके, एक सी-सॉ, मातीचा एक चौकोन आणि भोवती कडुनिंबाची व करंजाची झाडे, एवढाच तिचा पसारा. झोक्यापाशी मुलांनी आपापसांत एक नियम करून घेतला होता: झोक्यावर बसलेल्याला रांगेतल्या सगळ्यांनी मिळून शंभरपर्यंत मोजायचे आणि शंभर झाले की त्याने मुकाट्याने उतरायचे. नावडत्या मुलाच्या वेळी आकडे भरभर पळत आणि मित्राच्या वेळी नव्वदीनंतर सगळ्यांची गाडी रेंगाळत असे. त्यावरून भांडणे होत आणि ती मोठ्यांनी मध्ये न पडताही मिटत. शाळेत रांग बाई लावतात, घरी आई लावते. बागेत मात्र ती मुलांना स्वतः लावावी लागते आणि मोडणाऱ्याला तोंडही स्वतःच द्यावे लागते. हे शिक्षण कोणत्याही शिबिरात शुल्क भरून मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे असे की बागेत निरनिराळ्या वयांची मुले एकत्र येतात. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा असेल तर त्याला तिथे बारा वर्षांचा कुणी पकडापकडीत घेईल आणि तो स्वतः पाच वर्षांच्या कुणाला लिंबूटिंबू म्हणून घेईल. एकाच इयत्तेच्या वर्गात दिवस घालवणाऱ्या मुलांना हा अनुभव हल्ली वाडे गेल्यापासून मिळेनासा झाला आहे. आणि तिसरे, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही, ते आयांबद्दल. मुलगी लहान असताना मला गावात ओळखीचे फारसे कुणी नव्हते. ताप उतरत नसेल तर कोणत्या डॉक्टरांकडे जावे, पाळणाघर कोणते चांगले, पोळ्यांना बाई कुठे मिळतील, या सगळ्याची माहिती मला त्या मातीच्या चौकोनाच्या कडेला उभे राहूनच मिळाली.

उत्साह दोन महिन्यांत ओसरतो का, या प्रश्नाचे उत्तर बाग किती जवळ आहे यावर अवलंबून आहे. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर ओसरतो. तेव्हा पाच-सात मिनिटांच्या त्या वाटेवर पदपथ आहे का आणि चौथीतल्या मुलाला उद्या एकट्याला पाठवता येईल का, हे आधी पाहा.

कट्टेकरी

मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने लिहितो, कारण वयाने मी त्यांच्याच गटातला आहे.

निवृत्तीनंतर माणसाला व्यायामापेक्षाही बाहेर पडायला निमित्त लागते. घरात सकाळी सगळ्यांची घाई असते, त्या घाईत आपण अडगळ होतो आहोत असे वाटू लागते, आणि मग माणूस खोलीत दूरचित्रवाणीसमोर बसून राहतो. जवळ बाग असेल तर सकाळी साडेसहाला कुणीतरी आपली वाट पाहत असते, आणि एक दिवस गेलो नाही तर संध्याकाळी फोन येतो. हास्यक्लबांची आपण चेष्टा करतो, परंतु १९९५ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच माणसांना घेऊन सुरू केलेली ही कल्पना पुढे देशोदेशी पोहोचली, ती बहुधा हसण्याने होणाऱ्या व्यायामापेक्षा रोज भेटण्याच्या बंधनामुळेच.

गुडघेदुखीचे म्हणाल तर अगदी न चालणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हे मला माझ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी बजावून सांगितले आहे. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही पासष्टीपुढच्या माणसांनी चालण्याबरोबरच तोल सांभाळण्याचा आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावा, असे म्हटले आहे. तो घरात एकट्याने होत नाही, चार जणांत होतो.

उद्यानात पाहायचे ते असे. बाकांना पाठ आणि हात टेकायला कठडे आहेत का, हे प्रथम पाहा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणे जमते, उठणे जमत नाही. कठड्याला धरून उठता येते, नुसत्या सिमेंटच्या ओट्यावरून उठता येत नाही. चालण्याची वाट मातीची असेल तर उत्तम. पेव्हर ब्लॉकची असेल तर त्यातले किती उखडले आहेत ते पाहा, कारण अर्धा इंच वर आलेला एक ब्लॉक खुब्याचे हाड मोडायला पुरेसा असतो. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते, तेही विसरू नका. स्वच्छतागृह आहे का, आणि मुख्य म्हणजे ते उघडे असते का, हे रखवालदाराला विचारा. साठी ओलांडलेली अर्धी मंडळी केवळ या एका कारणाने बागेत येण्याचे टाळतात आणि संकोचामुळे कुणी तसे बोलत नाही.

घर पहिल्या मजल्यावर आहे, तेव्हा लिफ्टच्या बाबतीत मात्र गांभीर्याने विचार करा. आज वीस पायऱ्या चढता येतात, दहा वर्षांनी येतीलच असे नाही.

चष्म्याचा नंबर

मी दृष्टितपासणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एकाच मुद्द्यापुरते लिहितो. पण तुमच्या दोन्ही मुलांच्या वयाचा विचार करता तो महत्त्वाचा आहे.

लांबचे धूसर दिसणे, म्हणजे उणे नंबर, मुलांमध्ये वाढत असल्याचे आम्ही सगळेच पाहत आहोत. दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ हा नंबर लागण्याची शक्यता कमी करतो, याला आता चांगला पुरावा आहे. चीनमधल्या ग्वांगजो शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोजच्या वेळापत्रकात चाळीस मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना नव्याने नंबर लागला होता, तर नेहमीचे वेळापत्रक ठेवलेल्या शाळांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. तैवानमध्ये तर शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर असावे, असा सरकारी कार्यक्रमच आहे.

यामागचे कारण मुख्यतः प्रकाशात आहे, असे मानले जाते. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य अधिक स्रवते आणि नेत्रगोलाची वाजवीपेक्षा जास्त लांबी वाढण्याला त्यामुळे आळा बसतो. झाडाच्या सावलीतसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो, त्यामुळे मुलांना उन्हात तापवण्याची मुळीच गरज नाही. नंबर आधीच लागलेला असेल, तर मात्र बागेत खेळून तो उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये. चष्मा वेळेवर घ्यावाच.

यातून तुमच्यासाठी निघणारा व्यावहारिक मुद्दा उद्यानाच्या वेळांचा आहे. पुण्यातली बहुतेक सार्वजनिक उद्याने दुपारी बंद असतात आणि साडेचार-पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात. डिसेंबरात इथे सहाच्या आसपास सूर्य मावळतो. तुम्ही दोघे कामावरून सातला येणार असाल आणि मुले त्यानंतर दिव्यांच्या उजेडात खेळणार असतील, तर पळण्याचा फायदा त्यांना मिळेल, डोळ्यांचा मिळणार नाही. इथे आजीचा हात लागेल. साडेपाचला तिने नातीला घेऊन जायचे आणि दोघींचीही सोय व्हायची, हे सहकारनगरच्या घरात शक्य दिसते.

सोसायटीवाला

सगळे एकाच बाजूने बोलत आहेत म्हणून थोडे उलट लिहितो. आम्ही बारा वर्षे मोठ्या संकुलात राहत आहोत आणि आमचा मुलगा संकुलातच खेळून मोठा झाला. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या दृष्टीने संकुलातल्या जागेचा सर्वांत मोठा फायदा हा की मूल एकटे खाली जाऊ शकते. फाटकावर रखवालदार असतो, आत गाड्यांचा वेग कमी असतो आणि गॅलरीतून हाक मारली की ऐकू जाते. सार्वजनिक बागेत चार वर्षांच्या मुलीला प्रत्येक वेळी कुणीतरी मोठ्याने न्यावेच लागते आणि ते मोठे माणूस सोमवार ते शुक्रवार कुठून आणायचे, याचे उत्तर दर वेळी आजी हेच असू नये. आजीलाही कधी कंटाळा येतो, कधी बरे नसते.

शिवाय महापालिकेच्या बागेत मोडलेला झोका किती दिवस मोडलेला राहील हे कुणाच्याच हातात नसते. आमच्याकडे सभासदांच्या सभेत आरडाओरडा केला की पंधरवड्यात दुरुस्ती होते. अर्थात त्याचे पैसे आम्हीच देखभाल शुल्कातून देतो, हेही खरे.

आणखी एक कबूल करतो. आमच्या संकुलात मुलगा वाढला, पण सुरक्षारक्षकाची मुले, कामाला येणाऱ्या मावशींची मुले त्या घसरगुंडीवर कधीही दिसली नाहीत. त्यांना तिथे मनाई असल्याची पाटी कुठेही लावलेली नाही. तरी ती येत नाहीत. अबोलीताईंनी सांगितलेल्या झोक्याच्या रांगेत ती बहुधा असतील.

आराखडा

नगररचनेच्या कामात आयुष्य गेले, त्यामुळे कागदपत्रांविषयी दोन शब्द.

पाऊलवाट यांनी वाघोलीच्या बाजूला बाग नाही असे लिहिले आहे. त्यांना विक्री कार्यालयात कुणीतरी ‘समोरच्या भूखंडावर उद्यान होणार आहे’ असे सांगितले असण्याची दाट शक्यता आहे, कारण हे वाक्य प्रत्येक विक्री कार्यालयात ऐकू येते. उद्यानाचे आरक्षण असणे, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा उद्यानासाठी राखून ठेवलेली असणे, आणि उद्यान असणे यांत अनेकदा एक पिढी जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत (रद्द) होते. म्हणजे नकाशावरचा हिरवा तुकडा पुढे इमारतही होऊ शकतो. वाघोलीसह तेवीस गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. अशा नव्या हद्दीत रस्ते, पाणी आणि मैला यांची कामे आधी होतात आणि बागा मागे राहतात, हा सगळ्याच शहरांतला अनुभव आहे. तेव्हा तोंडी आश्वासनावर न जाता भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या भागाचा नकाशा) आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा) काढून घ्या.

दुसरी गोष्ट संकुलातल्या मोकळ्या जागेची. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या, नेमके सांगायचे तर ४,००० चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडावर राज्याच्या सध्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे दहा टक्के करमणुकीची मोकळी जागा सोडावी लागते. ती नेमकी कुठे दाखवली आहे, हे महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या मंजूर नकाशात पाहता येते. तुमच्या वर्णनातली खेळण्याची जागा वाहनतळाच्या छतावर आहे. स्लॅबवर मातीचा थर मर्यादित असतो, त्यात वड-पिंपळ सोडाच, साधा कडुनिंबही धड वाढत नाही. म्हणून तिथे शोभेची झुडपे आणि कृत्रिम हिरवळ असते आणि एप्रिल-मे मध्ये ती जागा संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. जुन्या सार्वजनिक बागेतली पन्नास वर्षांची झाडे ही पैसे देऊन लगेच उभी करता येणारी सुविधा नाही. झाडांची सावली आणि पानांतून होणारे बाष्पीभवन यांमुळे भर उन्हाळ्यातही तिथे जाणवणारा गारवा खरा असतो.

सार्वजनिक उद्यान हे काही महापालिकेने केलेले उपकारही नव्हेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांच्या कामांच्या यादीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सोसायटीवाले म्हणतात तो मोडक्या झोक्याचा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी क्षेत्रीय कार्यालय आहे. पुण्यात तर नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची पद्धत २००६ पासून आहे. कट्टेकरींना हवे असलेले कठड्यांचे बाक अशा मार्गाने मागता येतात. मुदत चुकवू नये, इतकेच.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सुचवल्याप्रमाणे काल, म्हणजे मुद्दाम कामाच्या दिवशी, साडेपाचला मी सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन सहकारनगरच्या उद्यानात गेले. वाटेतला पदपथ एके ठिकाणी दुचाक्यांनी अडवलेला आहे, पण मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. बाकांना पाठ आहे, कठडे नाहीत. स्वच्छतागृह उघडे होते आणि बऱ्यापैकी स्वच्छ होते. सासूबाईंना पहिल्या दहा मिनिटांतच एक सांगलीकडच्या बाई भेटल्या आणि निघताना त्यांना उठवावे लागले, ते गुडघ्यांमुळे नव्हे.

दोन गोष्टी खटकल्या. मुलांना चढायला जुने टायर अर्धे जमिनीत गाडलेले आहेत आणि त्यांत पावसाचे पाणी साचलेले होते. शिवाय बागेची एक बाजू वाहत्या रस्त्याला लागून आहे, त्यामुळे धुराची शंका येते. या दोन्हींबद्दल कुणी सांगू शकेल का? सोसायटीवाले यांचा आजीवर सगळा भार पडू नये हा मुद्दा यजमानांनी उचलून धरला आहे आणि तो मलाही मान्य आहे. मुलीला आठवड्यातून दोन दिवस न्यायला शेजारच्या मुलांबरोबर पाळी लावता येईल का, याचा आम्ही विचार करतो आहोत.

अबोली

टायरमधले पाणी गंभीरपणे घ्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा, त्यातही सकाळी व मावळतीच्या आधी, म्हणजे नेमक्या मुलांच्या खेळण्याच्या वेळी चावतो. उभ्या गाडलेल्या टायरच्या आत माती दाबून भरली की पाणी साचायला जागाच उरत नाही. आडव्या किंवा टांगलेल्या टायरला तळाशी दोन भोके पाडावी लागतात. उद्यानाच्या माळ्यांशी बोलून पाहा, बहुतेक वेळा ते लेखी तक्रारीच्या आधीच काम करून टाकतात. तोवर मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

धुराचे म्हणाल तर खेळणी रस्त्याच्या कडेला आहेत की आतल्या बाजूला, हे पाहा. रस्त्यापासून काही अंतर आत गेले आणि मध्ये दाट झाडी असली तर फरक पडतो. थंडीत मात्र पुण्यात पहाटे धूर जमिनीलगत कोंडून राहतो, म्हणून सासूबाईंना डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावरच फिरायला जाऊ द्या. पाळी लावण्याची कल्पना चांगली आहे. आमच्या इमारतीत ती चार घरांत चालत असे आणि ज्या घरची पाळी असेल त्यांनी पाण्याची बाटली, रुमाल आणि खरचटल्यावर लावायचे मलम बरोबर न्यायचे, असे ठरलेले होते.